सेशन ‘ओके’, पण फाइल तिथंच: बिंकडीत तीच फाइल वारंवार स्किप होते तेव्हा

बिंकडी म्हणजे फिडोनेटसारख्या जाळ्यात एका नोडकडून (मशीनकडून) दुसऱ्याकडे टपाल आणि फाइली नेणारा प्रोग्रॅम, म्हणजे मेलर. एका कॉलातली देवाणघेवाण म्हणजे सेशन. घेणाऱ्याने फाइल नाकारली की ती ‘स्किप’ होते. लक्षण असं असतं. कॉल लागतो, पासवर्ड जुळतो, लहान पॅकेटं (पत्रांच्या फाइली) येतात-जातात, लॉगच्या शेवटच्या ओळीत ‘ओके’ येतं. आणि एक फाइल मात्र दर सेशनला मागे राहते. आठवडाभर तीच फाइल, तेच नाव.

त्या ‘ओके’वर विसंबू नका. सेशन शिस्तीत संपलं, एवढंच ते सांगतं. त्याच ओळीत पुढे एस/आर लिहून दोन आकडे असतात: किती फाइली पाठवल्या, किती घेतल्या. पुढे कंसात बाइट असतात. पाठवणाऱ्याच्या रांगेत फाइल आहे, तरी एस शून्य आणि सेशन ओके, असं दिसलं की समजायचं, लाइन ठीक आहे आणि फाइल कुणीतरी जाणूनबुजून नाकारली आहे. मग मोडेम, सिम, टॉवर यांच्या मागे लागून वेळ घालवू नये.

पुढचं सगळं बिंकडी आणि बिंकली पद्धतीचं आउटबाउंड (पाठवायच्या फाइलींचं फोल्डर) धरून लिहिलं आहे. मिस्टिक किंवा सिंक्रोनेट हे बीबीएस प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना सेटिंगची नावं वेगळी दिसतील, पण खालचा बिंकपी प्रोटोकॉल (देवाणघेवाणीचे नियम) तोच आहे, त्यामुळे कारणंही तीच.

आधी ठरवा: स्किप कुठल्या जातीचं

बिंकपीमध्ये फाइल नाकारायच्या दोन रीती आहेत आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या उलट आहेत. घेणाऱ्याने एम-स्किप पाठवलं, तर त्याचा अर्थ ‘आत्ता नको, पुढच्या वेळी बघू’. पाठवणाऱ्याकडे फाइल तशीच राहते, फ्लो फाइलमधली (पाठवायच्या फाइलींच्या यादीतली) ओळही राहते. दुसरी रीत म्हणजे फाइल पूर्ण यायच्या आतच एम-गॉट पाठवणं. एम-गॉट ही एरवी पोचपावती आहे. ती मध्येच आली की पाठवणारा फाइल पोचली असं धरतो, पाठवणं थांबवतो, आणि फ्लो फाइलमध्ये त्या ओळीपुढे टोपीचं चिन्ह (^) असेल तर फाइल पुसून टाकतो. पहिलं स्किप फाइल राखतं, दुसरं मारतं. तक्रार ‘तीच फाइल परत परत’ अशी असेल तर जवळजवळ नक्की पहिलं. ‘फाइल दोन्हीकडे नाही’ अशी असेल तर दुसरं.

मोडेमच्या काळात झेडमोडेम या प्रोटोकॉलवर हा भेदच नव्हता, झेड-स्किप एकच. हायड्रा या दुसऱ्या प्रोटोकॉलने तो आणला: ‘ही माझ्याकडे आहे’ यासाठी वेगळा आकडा आणि ‘या सेशनला नको’ यासाठी वेगळा. जुन्या झेडमोडेम मेलरांची सवय असलेले लोक अजून ‘स्किप झाली म्हणजे गेली’ असं धरून फ्लो फाइल हाताने साफ करतात. तसं करू नका.

दोन्ही टोकांचे लॉग लागतील, एकाने भागत नाही. पाठवणाऱ्याच्या लॉगमध्ये फक्त ‘पलीकडच्याने स्किप केली’ असं येतं. का केली, ते घेणाऱ्याच्या लॉगमध्येच असतं: जागा नाही, फाइल उघडता आली नाही, किंवा स्किपच्या नियमात बसली. दोघांची घड्याळं जुळत नसतील तर वेळेवरून ओळी जोडू नका, फाइलचं नाव आणि बाइट यांवरून जोडा. लॉगलेवल ४ असेल तर दोन-चार सेशनपुरता वाढवा आणि काम झालं की परत खाली आणा. वाढवलेला लॉग कार्ड भरून टाकतो, आणि जागेच्या दुखण्यावर तो उपाय नव्हे.

नेहमीचं कारण: अर्धवट फाइलींचा ढीग

बहुतेक वेळा लॉग म्हणतो ‘जागा नाही’. नोडवाला डिस्क बघतो तर जागा दिसते, म्हणून तो बिंकडीला दोष देतो. हिशेब असा असतो.

फाइल घेताना बिंकडी दोन फाइली बनवतो. एक ‘एचआर’, तिच्यात नाव, आकार, वेळ आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. दुसरी ‘डीटी’, तिच्यात आलेला मजकूर. मध्येच लाइन तुटली तर ही जोडी राहते. पुढच्या वेळी तीच फाइल आली तर बिंकडी एम-गेट पाठवून जिथे तुटलं तिथून पुढे मागतो. ‘तीच फाइल’ म्हणजे नाव, आकार आणि युनिक्स वेळ, तिन्ही जसंच्या तसं. वेळेत एका सेकंदाचा फरक पडला तरी ती वेगळी फाइल. मग सुरुवात शून्यापासून, आणि जुनी जोडी जागा अडवून तिथेच.

समजा रत्नागिरीचं केंद्र १००/१० आणि देवगडचा नोड १००/७ (पत्ता नेट/नोड असा). देवगडचा नोड रास्पबेरी पायवर, मोबाइल डेटावर. केंद्र भरती-ओहोटीच्या तक्त्यांची ३८ एमबीची झिप पाठवतंय. देवगडच्या इनबाउंडमध्ये (येणाऱ्या फाइलींच्या फोल्डरमध्ये) ९० एमबी मोकळे आहेत आणि कॉन्फिगमध्ये मिनफ्री (मोकळी राखायची किमान जागा) २०४८० आहे. हा आकडा केबीत असतो, म्हणजे २० एमबी. फाइलचा उरलेला भाग अधिक मिनफ्री, एवढी जागा असेल तरच बिंकडी फाइल उघडतो. पहिल्या खेपेला ५८ एमबी हवेत, ९० आहेत. चालू होतं, ३१ एमबीवर लाइट जाते. आता मोकळे ५९. दरम्यान रत्नागिरीच्या स्क्रिप्टने झिप आउटबाउंडमध्ये पुन्हा कॉपी केली. मजकूर तोच, वेळ नवी. दुसरी खेप शून्यापासून: ५८ हवेत, ५९ आहेत. जेमतेम सुरू होते आणि २२ एमबीवर तुटते. मोकळे ३७. तिसऱ्या खेपेपासून ५८ मिळायचं नाव नाही. एम-स्किप, दर सेशनला एम-स्किप. वेळ बदलली नसती तर दुसऱ्या खेपेला उरलेले ७ आणि मिनफ्रीचे २० असे २७ एमबी पुरले असते.

म्हणजे स्किप देवगडला होतंय आणि मूळ रत्नागिरीला आहे. नुसती डिस्क साफ केली की एकदा फाइल येते, आणि पुढच्या वादळी रात्री पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तात्काळ करायचं ते देवगडला. बिंकडी थांबवा. इनबाउंड आणि टेम्प-इनबाउंड (फाइल पूर्ण येईपर्यंतचं फोल्डर) दोन्हींत ‘एचआर’ फाइली शोधा आणि टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. एकाच नावाच्या दोन-तीन असतील तर सगळ्यांत नवी जोडी ठेवा, बाकीच्या जोड्या काढा. एचआर आणि डीटी बरोबरच काढायच्या, एक काढून दुसरी ठेवायची नाही. ‘डीएफ -एच’ने जागा बघा आणि ‘डीएफ -आय’ही चालवून बघा. हजारो लहान पॅकेटं साचली की आयनोड (डिस्कवर फाइलींच्या नोंदीच्या जागा) संपतात, आणि तेव्हा एमबी मोकळे असूनही फाइल बनत नाही. मिनफ्री शून्य करून वेळ मारून नेता येते, पण टॉसरला (आलेलं टपाल उघडून वाटणाऱ्या प्रोग्रॅमला) बंडल, म्हणजे पत्रांचा दाबलेला गठ्ठा, उघडायला जागा लागते. ती नसली की बंडल येतं आणि टॉसिंगमध्ये फाटतं. मिनफ्री ठेवाच.

कॉन्फिगमध्ये ‘किल-ड्युप-पार्शियल-फाइल्स’ आणि ‘किल-ओल्ड-पार्शियल-फाइल्स’ या दोन ओळी असतात. पहिलीने एकाच फाइलचे जास्तीचे तुकडे जातात, दुसरीने ठरावीक सेकंदांपेक्षा जुने. दुसरीत ८६४०० लिहिलेलं असतं, म्हणजे एक दिवस. पावसाळ्यात ते आठवड्यापर्यंत वाढवा. लाइट दोन दिवस गेली तर एका दिवसाच्या मर्यादेत चांगला तुकडा फुकट जातो.

वेळ का बदलते

कायमचा उपाय पाठवणाऱ्याकडे आहे. फाइलची वेळ बदलायची कारणं मोजकी आहेत.

स्क्रिप्ट. ‘सीपी’ साधं वापरलं तर कॉपीला आत्ताची वेळ लागते. ‘सीपी -पी’ वापरा, मूळ वेळ टिकते. त्याहून चांगलं म्हणजे मजकूर बदलला नसेल तर कॉपीच करू नका.

टॉसर. दर दहा मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून) टॉसर चालतो, नवी पत्रं आली की आधीच्याच बंडलमध्ये भरतो. आकारही बदलला, वेळही. लाइन चांगली असेल तर कळत नाही. पण बंडल २ एमबीचं, लाइन दर पाच मिनिटांनी तुटणारी, तर प्रत्येक खेप शून्यापासून होते. बंडलची कमाल मर्यादा टॉसरमध्ये घाला, ५०० केबीच्या आसपास. मर्यादा ओलांडली की पुढचं बंडल सुरू होतं आणि आधीचं जसंच्या तसं राहतं.

पेन ड्राइव्ह. हे ओळखायला सगळ्यांत अवघड आणि ओळखलं की सगळ्यांत सोपं. आउटबाउंड फॅट फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर असेल, किंवा फाइल पेन ड्राइव्हवरून आली असेल, तर दोन गोष्टी होतात. फॅटमध्ये वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने साठवली जाते, विषम सेकंद राहतच नाही. शिवाय फॅटला टाइमझोन ठाऊक नसतो, ती स्थानिक वेळ लिहिते. तोच ड्राइव्ह एकदा भारतीय वेळेच्या मशीनवर आणि एकदा यूटीसीवरच्या मशीनवर लागला की फाइलची वेळ साडेपाच तासांनी हलते. लागोपाठ दोन सेशनच्या लॉगमधले युनिक्स वेळेचे आकडे वजा करून बघा. उत्तर १९८०० आलं तर दुसरीकडे शोधू नका, पेन ड्राइव्हच आहे. आउटबाउंड एक्स्ट४ वर (लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर) हलवा. ते शक्य नसेल तर दोन्ही मशीनवर माउंट करताना टाइमझोनचा पर्याय सारखाच द्या.

पडताळायला ‘स्टॅट’ कमांडने फाइलची युनिक्स वेळ काढा, कॉल होऊ द्या, पुन्हा काढा. दोन कॉलांमध्ये आकडा हलला तर कुणीतरी फाइलला हात लावतंय. कोण, ते क्रॉनटॅबमध्ये सापडेल.

घड्याळ

रास्पबेरी पायच्या ४ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. ५ मध्ये ते आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. लाइट गेली की वेळ थांबते, आणि परत सुरू झाल्यावर शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे जाते. नेट आलं की मग एकदम उडी. या उडीत बिंकडीची दोन कामं बिघडतात.

एक, नेट येऊन कॉल लागला आणि घड्याळ जुळायच्या आतच फाइल सुरू झाली, तर तुकड्यावर दोन दिवस जुनी वेळ पडते. घड्याळ पुढे गेलं की तो तुकडा ‘जुना’ ठरून साफ होतो. आत्ता उतरलेले ३० एमबी गेले. दोन, बीएसवाय फाइलींचं (नोड बिझी असल्याच्या खुणेच्या फाइलींचं) वय. लाइट गेली तेव्हा चालू असलेल्या सेशनची बीएसवाय फाइल मागे राहते. ती पुरेशी जुनी झाली की ‘किल-ओल्ड-बीएसवाय’ तिला काढतो. घड्याळ मागे असेल तर ती जुनी होतच नाही, आणि नोड ‘बिझी’ राहतो. हे स्किप नव्हे, इथे कॉलच होत नाही. तरी तक्रार येते ती ‘फाइल अडकली’ अशीच.

डीएस३२३१ चं घड्याळ मॉड्यूल आणि सीआर२०३२ सेल लावा. ते बसेपर्यंत बिंकडीची सेवा घड्याळ जुळल्यावरच सुरू होईल अशी ठेवा. सिस्टमडीत (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘टाइम-सिंक’ टार्गेटच्या नंतर, आणि प्रत्यक्ष जुळेपर्यंत थांबणारी ‘टाइम-वेट-सिंक’ सेवाही चालू असायला हवी. नुसतं टार्गेट लिहून ती सेवा बंद ठेवली तर काही थांबत नाही.

घड्याळ चुकलं की बंडलांची नावंही घोळ घालतात. आर्कमेलच्या, म्हणजे या बंडलांच्या, नावातली आठ अक्षरं दोन पत्त्यांच्या वजाबाकीतून येतात: नेट वजा नेट, नोड वजा नोड, सोळाच्या पायावर. रत्नागिरीहून देवगडला १००-१००, १०-७, म्हणून ०००००००३. एक्सटेन्शनमध्ये वाराची पहिली दोन इंग्रजी अक्षरं आणि क्रमांक, म्हणून शनिवारचं पहिलं बंडल ०००००००३.एसए०. दर शनिवारी हेच नाव. देवगडचा टॉसर आठवडाभर बंद असेल आणि जुनं बंडल इनबाउंडमध्ये पडून असेल तर नावं आपटतात. बिंकडी नव्याचं नाव बदलून ठेवतो, वर पुसत नाही, म्हणून नुकसान नाही. पण नाव, आकार, वेळ तिन्ही जुळले तर ‘ही आहेच’ म्हणून एम-गॉट देतो. तेही बरोबरच आहे. शंका आली तर आधी इनबाउंड रिकामं होतंय का ते बघा, मग मेलरवर या.

फाइल उघडता आली नाही

जागा भरपूर, तरी लिहिता येत नाही. दोन कारणं.

एकदा कुणी बिंकडी रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून हाताने चालवला, त्यामुळे इनबाउंडमधल्या काही फाइली रूटच्या झाल्या. नंतर नेहमीच्या युजरला त्यांना हात लावता येत नाही. ‘एलएस -एल’ मध्ये मालकाचं नाव बघा, ‘चोन’ने बदला.

दुसरं कारण किनाऱ्यावर जास्त भेटतं. वारंवार लाइट जाऊन एसडी कार्डावरची फाइल सिस्टिम दुखावते, आणि एक्स्ट४ स्वतःला ‘फक्त वाचा’ स्थितीत टाकते. चालू मशीन चालूच दिसतं, कॉल होतात, आणि एकूण एक फाइल नाकारली जाते. लॉगसुद्धा लिहिला जात नाही, म्हणून ठरावीक वेळेनंतर लॉग एकदम गप्प झालेला दिसेल. हीच खूण. ‘माउंट’ कमांडच्या यादीत त्या विभाजनापुढे ‘आरओ’ आहे का बघा. असेल तर कार्ड काढून दुसऱ्या मशीनवर ‘एफएससीके’ चालवा. महिनाभरात दुसऱ्यांदा तसंच झालं तर कार्ड बदला, दुरुस्तीच्या नादी लागू नका. कार्डाचे आणि लॅन पिनचे धातूचे पृष्ठभाग खाऱ्या हवेत काळे-हिरवे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पाण्याने किंवा थुंकी लावून नाही.

टेम्प-इनबाउंड आणि इनबाउंड एकाच विभाजनावर ठेवा. फाइल पूर्ण आल्यावर एकीकडून दुसरीकडे नाव बदलून सरकवली जाते, आणि दोन विभाजनांमध्ये नुसतं नाव बदलून सरकवणं होत नाही.

नाव जुळत नाही म्हणून पावती नाकारली

हे स्किप नाही, पण दिसतं तसंच: फाइल १०० टक्के जाते आणि पुढच्या सेशनला पुन्हा पहिल्यापासून. एम-गॉटमधलं नाव, आकार, वेळ पाठवणाऱ्याने पाठवल्याशी जुळलं तरच पावती मानली जाते. नावात स्पेस किंवा देवनागरी असेल तर बिंकपी असा प्रत्येक बाइट उलट्या तिरप्या रेघेने, एक्स आणि दोन आकड्यांनी लिहितो. ‘भरती’ या शब्दाचे यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट, म्हणजे तारेवर ४८ अक्षरं. जुने मेलर मधला एक्स घालत नाहीत, काही लांब नाव कापतात. पावती परत येते ती भलत्याच नावाने. फाइलींची नावं रोमन छोटी अक्षरं आणि आकडे यांत, स्पेस न घालता ठेवा. देवनागरी शीर्षक टिक फाइलच्या (फाइलीबरोबर जाणाऱ्या माहितीच्या चिठ्ठीच्या) वर्णनात घाला.

नाव साधं असूनही असं होत असेल तर पावतीच वाटेत हरवतेय. मोबाइल नेटवर हे घडतं. नोडच्या ओळीत ‘-एनआर’ द्या, म्हणजे पाठवणारा आधी ‘कुठून पाठवू’ विचारतो. दोन्हीकडे चालत असेल तर ‘-एनडी’ही द्या, म्हणजे तीच फाइल दुबार घेतली जात नाही. लहान पॅकेटं जातात आणि मोठी फाइल सुरुवातीलाच गोठते, असं असेल तर एमटीयू (नेटवर्कवरच्या एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. ‘पिंग’ला तुकडे न करण्याचा पर्याय आणि आकार १३७२ द्या (२८ बाइट हेडर धरून १४००). तो गेला आणि १४७२ गेला नाही, तर इंटरफेसचा एमटीयू १४०० करा.

स्किपचे नियम आणि असुरक्षित सेशन

कॉन्फिगमधली ‘स्किप’ची ओळ पूर्वी कुणीतरी घातलेली असते आणि विसरलेली असते. मास्क (नावांचा नमुना) आणि आकारमर्यादा बघा. उद्गारचिन्ह असेल तर ते मारणारं स्किप आहे. दुसऱ्यांच्या बंडलांवर ते कधीही लावू नका.

पासवर्ड घातलाच नसेल तर सेशन असुरक्षित धरलं जातं. फाइल वेगळ्या इनबाउंडमध्ये जाते, तिथलं मिनफ्री वेगळं, स्किपचे नियम कडक. फाइल आलेली असते, पण टॉसर तिकडे बघतच नाही. लॉगमध्ये पासवर्डसंरक्षित असल्याची खूण शोधा.

दुरुस्तीनंतर

लगेच पोल (टपाल आणण्यासाठी कॉल) देऊन फाइल आली नाही तर घाबरू नका. पाठवणाऱ्याच्या कॉन्फिगमध्ये ‘होल्ड-स्किप्ड’ असेल तर स्किपनंतर ठरावीक वेळ त्या नोडचं टपाल धरून ठेवलं जातं. तेवढा वेळ जाऊ द्या, किंवा आउटबाउंडमधली त्या नोडची एचएलडी फाइल काढा. फ्लो फाइलमध्ये त्या ओळीच्या सुरुवातीला लाटेचं चिन्ह (~) असेल तर ती ‘पाठवली’ म्हणून धरलेली आहे, ते चिन्ह काढा. हे करताना बिंकडी बंद असावा.

फाइल एकोची (नोडांना आपोआप फाइली वाटण्याच्या व्यवस्थेची) भानगड शेवटी उरते. झिप स्किप झाली, पण तिच्याबरोबरची टिक फाइल दोन केबीची असल्याने पहिल्याच दिवशी आली. टिक प्रोसेसरला झिप सापडत नाही, आणि प्रोग्रॅमप्रमाणे तो टिक तशीच ठेवतो किंवा बाद करून बाजूला टाकतो. झिप येऊनही यादीत दिसत नसेल तर बाद टिकांच्या फोल्डरमधून ती इनबाउंडमध्ये परत ठेवा आणि एचटिक (टिक प्रोसेसर) पुन्हा चालवा. टिकमधला सीआरसी (फाइल तपासायचा आकडा) झिपशी जुळला नाही, तर दरम्यान केंद्राने झिप बदलली आहे. तेव्हा जुनी टिक टाकून द्या आणि केंद्राकडून दोन्ही एकदम मागवा.